दोन दिवसांचं काम

परदेशात, माउंट वेलिंग्टनला लेकीकडे राहायला आलो आणि शेजारच्या चिनी आजोबांशी माझी गट्टी जमली. तेही माझ्यासारखेच मुलाकडे आलेले, आणि तेही रेल्वेवालेच. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझं ऑफिसातलं, तरी गप्पा अडायच्या नाहीत. आधी ते रेल्वेत अधिकारी होते. मग कायद्याची परीक्षा देऊन रेल्वेच्याच खटल्यांचे सरकारी वकील झाले आणि पार वरिष्ठ पदापर्यंत चढले. म्हणजे ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्याच चौकशा. "कसं जमलं हो तुम्हाला?" मी एकदा फटकन विचारलं. ते नुसते कांद्याच्या पातीला पाणी घालत राहिले.

एका सकाळी ते कुंपणापाशी आले ते पांढरेफटक पडलेले. जुन्या ऑफिसातून फोन आला होता. पूर्वीच्या साहेबांवर चौकशी लागलीये, साक्षीला या, दोन दिवसांचं काम आहे.

"मग जाऊन या की," मी म्हटलं. "त्यात काय एवढं? आमच्याकडे चौकशीला गेलं की चहा प्यायचा, जबाबावर सही ठोकायची, वर प्रवासभत्ता घ्यायचा." रेल्वेत उभा जन्म काढलेला मी, मला दुसरं काय सुचणार?

ते हळूच म्हणाले, "असे फोन मीच करायचो. आधी तब्येत विचारायची, मग दोन दिवसांचं काम म्हणून सांगायचं. त्यातला एकही माणूस घरी परतलेला मी पाहिला नाही."

मग जाऊ नका, इथेच राहा, मी म्हटलं. तर म्हणाले, बायको तिकडेच आहे, आणि तिचा पासपोर्ट ऑफिसवाल्यांनी ठेवून घेतलाय. मी गेलो की तो देतील.

त्या दिवसापासून मलाही धास्ती बसली. दारात अनोळखी गाडी थांबली की मी पडदा सरकवून बघायचो. लेक वैतागायची, "बाबा, कुरिअरवाला आहे तो. काय झालंय तुम्हाला?" काय सांगणार? आजोबांनी मुलाला नुसतं साक्षीचं सांगितलं होतं आणि मला गप्प राहायला बजावलं होतं. मग एक दिवस ते गेले.

थोड्याच दिवसांत मुलगा आईला विमानतळावरून घेऊन आला. बाई खुशीत होत्या. मला कुंपणापाशी बघून हात जोडून काहीतरी म्हणाल्या. मुलाने हसत सांगितलं, "आई म्हणतेय, बाबा आले की तुम्ही सगळे जेवायला या."

मी मान डोलावली. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.