सुकडीचा दोष

गेल्या वर्षी माझ्या पोटातल्या अल्सरमधून रक्त जाऊ लागलं. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बिणीची नळी घातली आणि तिथं चिमुकली क्लिप लावली. पोटावर ओरखडासुद्धा नाही. मला आईच्या पोटावरचा वीतभर व्रण आठवला.

बहात्तरच्या दुष्काळात ती कळंबच्या रस्त्यावर खडी फोडायची, अंगदुखीच्या गोळ्या गिळायची. शौचाला काळं होऊ लागलं. "सुकडीनं होतंय, दुसरं काय न्हाय," म्हणायची. कामावर मजुरांना खायला वाटल्या जाणाऱ्या त्या कोरड्या सुकडीला आम्हीही शिव्या घातल्या.

मग ती रक्त ओकली. सोलापूरला पोट फाडून शिवलं. "उपाशीपोटी गोळ्या घेतल्यात," तिथले डॉक्टर म्हणाले. उपाशी कशी? सुकडी तर रोज मिळायची.

मिळायची. आई आपल्या वाट्याची पदरात बांधून घरी आणायची आणि आम्ही भावंडं खायचो. आमचं पोट कधीच बिघडलं नाही.