नागसेनच्या शेलची सवय

नागसेनला थांबणं म्हणून काही ठाऊक नव्हतं. त्याच्या गावाहून, तामसीहून येणारी बस आदिलाबादच्या स्टँडात शिरायच्या आधीच हा दाराच्या पायरीवर उभा. आई, चंपाबाई, रोज म्हणायची, "घटकाभर बूड टेकव ना रे बापू! काऊन एवढी घाई करून राह्यला?"

आदिलाबादच्याच एका खासगी कॉलेजात तो कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. नऊ वर्षं झाली, पण तात्पुरताच. पोरांना पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचा ते शेलमध्ये, म्हणजे ओळ लिहिली की तिथल्या तिथे उत्तर देणाऱ्या काळ्या खिडकीत. याच्या स्वभावाला दुसरं काय मानवणार! त्या शेलची एक खोड होती. प्रोग्रामची फाईल बदलली तरी ते जुनीच धरून बसे. टक्क्याची खूण लावून एक छोटी आज्ञा दिली, की मग बदललेली फाईल आपोआप वाचून घेई. ती आज्ञा रोज कोण लिहिणार? नागसेनने ती लॅबमध्ये शेल उघडताच चालणाऱ्या फाईलमध्ये एकदा घालून टाकली आणि पार विसरला. दोन वर्षांत त्याला वाटायला लागलं, शेल असंच असतं.

२०१३ साली कायम जागा निघाली, एकच. मुलाखत प्राचार्यांच्या खोलीत, त्यांच्याच कॉम्प्युटरवर. त्याने आपला प्रोग्राम चालवला. पंचाहत्तर टक्के किंवा जास्त हजेरी असलेल्या, म्हणजे परीक्षेला पात्र पोरांची यादी आली, अकरा नावं.

बाहेरून आलेले तज्ज्ञ तेलुगूत म्हणाले, "सत्तर करून दाखवा."

त्याने फाईल बदलली. अकराच. साठ केले, अकरा. चाळीस केले, तरी अकरा! लॅबमधली ती आज्ञा या कॉम्प्युटरवर नाही, हे डोक्यातच शिरेना, आणि बोटं काही थांबेनात. शेवटी चिडून त्याने शून्य टाकलं.

कोपऱ्यात गणिताचे सुधाकरराव बसले होते, जिल्ह्यातल्याच मुधोळचे, मराठीच. त्यांना राहवेना. "अरे, खिडकी बंद करून पुना उघड ना!"

त्याने उघडली. शेलने आता फाईल नव्याने वाचली, आणि फाईलमध्ये होतं शून्य. वर्गातली बेचाळीसच्या बेचाळीस नावं धडाधड उतरली. वर्षभर तोंड न दाखवलेलेसुद्धा पात्र!

"ही यादी बरोबर आहे?" तज्ज्ञांनी हसून विचारलं.

"नाही सर. घाईत शून्य टाकलं मी."

खरं बोलला बिचारा. पण तोवर तज्ज्ञांचं पेन खिशात गेलं होतं. जागा दुसऱ्याला मिळाली. आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही.

जूनमध्ये तात्पुरत्या नेमणुकीचा करार आला, दहाव्यांदा. दरवर्षी कारकून शेवटचं पान पुढे करायचा, आणि हा उभ्या उभ्या सही ठोकून मोकळा व्हायचा. या खेपेला तो खुर्ची ओढून बसला आणि पहिल्या पानापासून वाचू लागला.

दुसऱ्या पानावर, सातव्या कलमात लिहिलं होतं: 'कायम नेमणुकीवर माझा हक्क राहणार नाही, हे मी राजीखुशीने लिहून देत आहे.'

"हे कलम यंदा घातलं का?" त्याने विचारलं.

"नाही हो," कारकून म्हणाला. "पहिल्या वर्षापासून आहे."

नऊ वेळा. नागसेनने पेन खाली ठेवलं.

"सही करा ना सर, मागं लोकं उभे आहेत."