मधल्या खोलीतला कापूस

दिवाळीची सुट्टी संपवून रोशनी होस्टेलवर परतली तेव्हा तिच्या डोक्यावर एक गाठोडं होतं. जुन्या लुगड्यात बांधलेलं, तिच्याहून रुंद. ते दारातून आत येईना. मी आतून ओढलं. ते इतकं हलकं निघालं की मी मागच्या मागे पलंगावर पडले.

"काय आहे यात?"

"कापूस."

"कशाला?"

"ठेवाले."

मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. केलं आहे. पण या उत्तरावर पुढे काय विचारायचं ते मला सुचलं नाही.

रोशनी अल्लीपूरची. वर्ध्यात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मी आर्वीची, बी.एड. करते. आम्ही दोघी एका खोलीत राहतो. ती मला ताई म्हणते आणि माझं काहीही ऐकत नाही. तशी ती भित्री नाही. पहिल्याच आठवड्यात वॉर्डातली एक म्हातारी तिच्या अंगावर ओकली. बरोबरच्या मुली पळाल्या. हिने आधी म्हातारीचं तोंड पुसलं, मग स्वतःचे हात. तिला रक्ताची भीती नाही, सुईची नाही, डॉक्टरांची नाही. फक्त या खोलीत तिला झोप लागायची नाही.

झोप लागली नाही की ती घरी जायची. ऑगस्टमध्ये पोट दुखतं म्हणून गेली. नवरात्राच्या आधी काही न सांगताच गेली, पेटीसकट. दोन्ही वेळा तिच्या वडिलांनी, बाबारावांनी, तिला परत आणून सोडलं. दुसऱ्या वेळी ते खाली पाहुण्यांच्या बाकावर बसले आणि माझ्यासमोरच तिला म्हणाले, "आता आली तं कायमची येजो. मंग गावातच राह्य. नर्सिंग-फर्सिंग बंद." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. न ओरडता बोललेलं ते खरं करतात, असं रोशनी म्हणाली.

म्हणून मी ठरवलं, खोली घरासारखी करायची. फोनवर त्याचे शेकडो व्हिडिओ आहेत. आम्ही बाजारातून दिव्यांच्या माळा आणल्या, प्लास्टिकची वेल आणली, गुलाबी पडदा आणला. रोशनीने घरून आणलेली बुद्धाची तसबीर मधोमध लावली. शेजारच्या खोल्यांतल्या मुली फोटो काढायला येऊ लागल्या. रोशनी हाताची घडी घालून बाजूला उभी असायची.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"चांगलं वाटते ना ताई. कोणाच्या लग्नात आल्यावाणी."

"मग घरच्यासारखं म्हणजे नेमकं काय हवं तुला?"

"ते मले सांगता येत नाई."

दिवाळीत घरी गेल्यावर ते तिला सापडलं. तेच गाठोड्यात बांधून तिने आणलं होतं.

त्यांच्या घरी पहिल्या वेचणीपासून मधली खोली कापसाने भरायला लागते. भाव पटेपर्यंत कापूस घरातच राहतो. ढीग आढ्याला टेकतो. माणसं भिंतीला घासत, आडवी होऊन स्वयंपाकघरात जातात. पोरं ढिगावर झोपतात. चालता यायला लागल्यापासून रोशनी तिथेच झोपत आली होती. तिची जागा ठरलेली होती. तिच्या अंगाचा खड्डा पडलेला होता, म्हणे.

"आणि उन्हाळ्यात? तेव्हा कुठे असतो कापूस?"

"तवा आंगणात झोपतो. आंगण तं इथं आणता येत नाई."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात पुढच्या कापसाची वाट पाह्यतो."

मेसच्या मागे एक जुनी प्लायवूडची फळी पडली होती. ती रोशनीने वर आणली. तिचा पलंग आणि माझं कपाट यांच्यामधल्या कोपऱ्याला ती आडवी लावली आणि तिच्यामागे गाठोडं मोकळं केलं. मग युनिफॉर्म न बदलता त्यात जाऊन पडली. चहाची घंटा झाली तरी उठली नाही. मी हलवलं, तेव्हा तिने कूस बदलली. त्या शनिवारी तिने घरी जायचं नावही काढलं नाही. मला हायसं वाटलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं.

तिची आई, सुलोचनाबाई, एसटीच्या कंडक्टरजवळ डबा पाठवते. रोशनी स्टँडवर जाऊन घेऊन येते. आता डब्याबरोबर कापसाने ठासलेली उशीची खोळही यायला लागली. मी काकूंना फोन केला.

"काकू, कापूस पुरे झाला."

"पुरे कसा, बाई? तेवढ्यात तं तिचे पायबी बुडत नाई."

"खोली लहान आहे हो."

"पोरगी झोपून राह्यली ना?"

"झोपते."

"मंग धाडते अजून."

ढीग फळीच्या वर आला. माझ्या मानेला खाज सुटली, मग पाठीला, मग सगळ्या अंगाला. कापसाचे तंतू माझ्या चहात, माझ्या कंगव्यात, माझ्या पाठाच्या तक्त्यावर. सरकी खायला उंदीर आला आणि त्याने माझी चप्पल कुरतडली. तिची नाही. सातवीच्या वर्गावर माझा सराव पाठ होता. मी काळा कुर्ता घातला होता. मी फळ्याकडे वळले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम कापूस वेचाले गेलत्या वाट्टे." वर्ग हसला. निरीक्षक सरही हसले. अभिप्रायात त्यांनी लिहिलं, पेहरावाकडे लक्ष द्यावे.

मी खोलीवर येऊन दप्तर आपटलं. "मला खाज सुटली आहे, रोशनी. पूर्ण अंगाला."

"सुटतेच ताई. चार दिवस त्रास होते. मंग आंगाले सवय पडते."

"माझ्या अंगाला कशाला सवय पडायला पाहिजे? माझा काय संबंध?"

"आता काय करता, खोली तं एकच हाये."

हे ती अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाली.

मग शेजारच्या मुली त्या ढिगावर लोळायला येऊ लागल्या. एकीला मजा वाटली, मग सगळ्यांना वाटली. खाज मजलाभर पसरली. होस्टेलमध्ये ढेकूण झाले, अशी बातमी खालपर्यंत गेली. आमच्या रेक्टर अनुसयाबाईंनी फवारणीवाल्याला बोलावलं. तो पाठीवर पंप घेऊन एकेक खोली करत आमच्या दारात आला, आत बघितलं आणि जिन्यात तोंड काढून ओरडला, "मॅडम, इथं ढेकूण नाई. कापसाची गंजी हाये."

अनुसयाबाई वर आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"कापूस, मॅडम," रोशनी म्हणाली.

"ते दिसून राह्यलं मले. या होस्टेलात मी मांजर पकडली, शेगडी पकडली. कापूस पहिल्यांदाच पाहते. इस्त्री कुठं करता तुम्ही दोघी?"

आम्ही दोघींनी फळीकडे पाहिलं. इस्त्री तिलाच टेकवून ठेवलेली होती. तिची वायर कापसात गेली होती. अनुसयाबाईंनी ती वायर बोटाने उचलून आम्हाला दाखवली. त्या वेळी मला पहिल्यांदा खाजेचा विसर पडला.

"या मजल्यावरच्या सगळ्या पोरींची जबाबदारी माझ्यावर आहे," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळच्या आत हे खाली. आणि वडलांना बोलाव."

त्या गेल्या. रोशनीने पलंगाखालून पेटी ओढली आणि कपडे भरायला लागली.

"हे काय करतेस?"

"कापूस गेला तं मीबी जाते. बाबा येतेच हाये न्याले."

"गेलीस तर ते परत पाठवणार नाहीत. माहीत आहे ना?"

"माईत हाये."

"वर्ष बुडेल तुझं. एवढी चांगली सीट मिळाली. ढीगभर कापसासाठी? तुझ्या वॉर्डातल्या बायका आणतात का गं घरून कापूस?"

"त्या बऱ्या होऊन घरी जातात, ताई."

मी तिला जा म्हटलं. खरंच म्हटलं. मग बाहेर गॅलरीत जाऊन दंड खाजवत उभी राहिले.

बाबाराव दुपार कलताना आले, गावातली मालवाहू रिक्षा घेऊन. अनुसयाबाईंना जयभीम करून वर आले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि ढिगासमोर उभे राहिले. काही बोलायच्या आधी त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, तळचा मूठभर कापूस काढला, पिंजला, नाकाला लावला.

"ओल धरून राह्यला," ते म्हणाले. मग त्यांचा हात थांबला. "हा आपला हाये?"

"हो."

"आपल्या घरचा?"

रोशनीने मान हलवली.

"तरीच! गाडी भरताना मी म्हणो, ढीग एवढा कमी काऊन दिसते. तुही माय म्हणे, दबला."

"कोणती गाडी?" रोशनीने विचारलं.

बाबाराव खिडकीकडे बघायला लागले.

"कोणती गाडी, बाबा?"

"मागच्या हप्त्यात इकला ना कापूस. भाव बरा होता."

"समदा?"

"समदा. मधली खोली मोकळी झाली. तुह्या मायनं रंग मारून घेतला. दिवाण आणला."

"अन् मले नाई सांगतलं?"

"तुही माय नाई म्हणे. म्हणे, तिले वाटू द्या घरी तसंच हाये म्हणून."

रोशनी पेटीवर बसली. तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

"मंग घरी आली तं मी झोपू कुठं?"

"दिवाणावर. चांगला हाये. गादी हाये त्याले."

"गादीचा पलंग तं इथंबी हाये!"

बाबारावांनी माझ्याकडे पाहिलं. या पोरीचं म्हणणं काय आहे ते मी सांगावं, अशा अपेक्षेने. मी नाही म्हणून मान हलवली.

"हे पाय रोशने," ते म्हणाले, "रिक्षावाला खाली उभा हाये. येतं का राह्यतं, एकदाचं बोल. माह्यं डोकं नको खाऊ."

ती बराच वेळ पेटीच्या कडीशी खेळत राहिली.

"उद्या सकाळी वॉर्डात ड्युटी हाये माह्यी."

"म्हणजे?"

"म्हणजे राह्यते. पण मायले सांगजा, मी तिच्याशी बोलणार नाई."

बाबारावांनी रिक्षातून पोती आणली आणि ते कापूस भरायला लागले. मजल्यावरच्या मुली मदतीला आल्या. भरता भरता सगळ्या खाजवत होत्या. शेवटचं पोतं बांधून बाबाराव माझ्याजवळ आले. "तुमाले लय तरास झाला, बाई," म्हणाले. मी शिष्टाचार म्हणून नाही म्हणाले. ते माझ्या मानेकडे बघत होते.

ते गेल्यावर रोशनीने कोपरा झाडला. मग मला न विचारता स्वतःचा पलंग त्या रिकाम्या जागेत ढकलला. भिंतीला, दुसऱ्या भिंतीला आणि माझ्या कपाटाला, तिन्हीकडे तो घट्ट बसला. ती त्यावर पडून छताकडे बघत राहिली.

"रोशनी, माझं कपाट उघडत नाही."

"अर्धं उघडते ना, ताई."

त्या शनिवारी ती घरी गेली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. आईचा फोन ती उचलत नाही. मग तो मला येतो. काल मी कपाटाच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालून ओढणी शोधत होते, तेव्हाही आला.

"गुंजन बाई, पोरगी बोलत नाई वं माह्याशी."

"नाही बोलत, काकू."

"झोपते?"

"झोपते. डोक्यावरून पांघरूण ओढून झोपते."

"मंग नाई बोलली तरी चालते," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. माझा हात तोवर फटीत अडकला होता.