दादाने खिशात टाकलेली सुपारी

मी अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर आहे. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून द्यायचे, हे माझं काम. दादा गेल्याचा फोनही मीच उचलला. सांताक्रूझच्या ज्या सोसायटीत तो नोकरीला होता, तिथल्या सेक्रेटरीचा होता. "तुमचा वॉचमन खुर्चीत बसल्या बसल्याच..." म्हणाला. तुमचा वॉचमन! अरे मेल्या, वॉचमन तुमचा, माझा तो भाऊ. वसंत नाव होतं त्याला, आणि सहा वर्षं तुमचं गेट उघडत होता. वय चव्वेचाळीस. दुसऱ्या दिवशी त्याची छत्री आणि जेवणाचा डबा आणायला गेले, तर त्या खुर्चीत नवा माणूस बसलेला. तेव्हा वाटलं, याहून जास्त संताप मला जन्मात कशाचा येणार नाही. डोंबल! खरा संताप अजून यायचा होता, आणि तो माझ्याच तोंडाने मी ओढवून घेतला.

अकराव्या दिवशी मुलुंडच्या आमच्या खोलीत पंधरा-वीस माणसं बसली होती. गावाहून वहिनी आणि दोन्ही मुलं आली होती. कुणीतरी म्हणालं, वसंताच्या हातात काय जादू होती, गिरणीतलं कसलंही मशीन ऐकून सांगायचा काय बिघडलंय ते. आणि मी, माझ्या जिभेला तर हाड नाहीच, मी म्हटलं, "सगळं यायचं त्याला, एक बंदूक तेवढी धड करता आली नाही. ती झाली असती तर आज आपल्या गावात असता." सहा वर्षं हेच वाक्य मी त्याला तोंडावर ऐकवत आले होते, सवयीने निघून गेलं. कोपऱ्यात उस्मानचाचा बसले होते. अंधेरीत त्यांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान आहे, सरकारी परवान्याचं. म्हातारा उठला, मला खूण करून बाहेर गॅलरीत घेऊन गेला, आणि म्हणाला, "बस करा, शालूबहन, बस! त्या माणसाचं काम एक नंबर होतं. बंदूक उडाली नाही, कारण आत सुपारी होती. पूजेची सुपारी, कुंकू लावलेली." ती सुपारी मी टाकली होती.

आता पहिल्यापासून सांगते. दादा गिरणीत फिटर होता. संप झाला, लांबला, गिरणी बंद ती बंदच राहिली. वहिनीला आणि मुलांना त्याने सिंधुदुर्गात गावी पाठवलं आणि स्वतः माझ्याकडे, म्हणजे आई-वडिलांच्या या खोलीत, राहायला आला. माझं लग्न झालेलं नाही, दोघांचं भागत होतं. पण त्याचा जीव गावात. वडिलांची थोडी जमीन होती, तिथे भात लावायचं, रताळी लावायची आणि बायको-पोरांत राहायचं, एवढंच त्याला हवं होतं. अडचण होती रानडुकरांची. वहिनीची पत्रं मुलाच्या हातची यायची, दर पत्रात तेच. रताळी उकरली, भात आडवं केलं, हाताला काही लागलं नाही. आमच्या वडिलांच्या नावावर शेती राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. ठासणीची म्हणजे जिच्या तोंडातून दारू आणि छर्रे ओतून गजाने ठासून भरतात, ती जुन्या काळची बंदूक. वडिलांची बंदूक कधीच फुटून निकामी झाली होती. परवाना दादाच्या नावावर होणार होता, पण एका अटीवर. दिलेल्या मुदतीत चालू बंदूक परवाना खात्याच्या साहेबाला उडवून दाखवायची. नाहीतर परवाना गेला. बंदूक नाही म्हणजे पीक नाही, आणि पीक नाही म्हणजे दादा मुंबईतच, हा सरळ हिशोब होता.

नवीन बंदूक आणायची ऐपत नव्हती. उस्मानचाचांच्या दुकानात सांताक्रूझच्या एका पाडलेल्या बंगल्यातून आलेली ठासणीची बंदूक पडली होती. बंगल्यात ती म्हणे छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभी असायची. दस्त्याला वाळवी, घोडा गंजून चिकटलेला, आणि नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. चाचा म्हणाले, "हिला भंगारात जाऊ दे, वसंत." पण दादाला कुणी 'जाऊ दे' म्हटलं की संपलं! दर रविवारी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचा. पंधरा दिवस नळी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. मागचा स्क्रू निघेना तेव्हा हातोडा घातला नाही, गरम कर, थंड कर, पुन्हा गरम कर, असं करत तीन रविवार घालवले. काथ्याने घासून घासून आतली नळी इतकी साफ केली की उजेडाला धरली तर पलीकडची खिडकी दिसायची. घोड्याची स्प्रिंग मोडली होती, ती त्याने गिरणीतल्या मागाच्या एका जुन्या पट्टीतून स्वतः बनवली. आणि दस्त्याला सागाचं लाकूड हवं म्हणून आमच्या खाटेचा पाय कापून नेला! मला न विचारता! चार महिने मी विटांवर टेकवलेल्या खाटेवर झोपले. भांडले तर म्हणतो कसा, "शाले, खाट काय, मी गेल्यावर तुझीच आहे." चाचांनी त्याला पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला होता आणि तो मलाही पाठ झाला होता. बंदूक हातात घेतली की आधी रिकामा गज आत घालायचा, लोखंडावर लोखंड खणकन वाजलं पाहिजे. वाजलं नाही तर आत काहीतरी आहे.

तपासणी ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. खंडेनवमीला दादा चाचांची चिठ्ठी घेऊन बंदूक घरी घेऊन आला. शस्त्राची पूजा नको? आमच्याकडे खंडेनवमीला कोयता, विळी, दादाचे पाने-पकडी, सगळं पाटावर मांडतात आणि प्रत्येकापुढे हळदकुंकू लावलेली सुपारी ठेवतात. पूजा घरातल्या बाईने करायची आणि घरात बाई मी एकटीच. बंदूक पाटावर मावेना, म्हणून देवाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी केली होती. तिच्यापुढे सुपारी ठेवली की जमिनीच्या उतारावरून घरंगळायची. दोनदा घरंगळली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, घे बाई, तुझ्या तोंडातच देते, आणि बारकीशी सुपारी नळीच्या तोंडात ठेवली. आत सटकून गेली. मला वाटलं, बरं झालं, घेतलीन. दादा तेव्हा खाली फुलवाल्याकडे तोरणाला फुलं आणायला गेला होता. मी त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, हेच मला कळलं नाही! नऊ महिने घरात रोज बंदुकीच्या गोष्टी ऐकणारी बाई मी, नियम तोंडपाठ असलेली, आणि पूजेला बसले तेव्हा ती माझ्यासाठी बंदूक नव्हतीच, पाटावरच्या विळीसारखी एक वस्तू होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मरोळच्या मागे एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथे आम्ही गेलो. मी जेवणाचा डबा घेऊन लांब, वाटेवरच्या झाडाखाली बसले होते. साहेब अर्धा तास आधीच येऊन घड्याळ बघत उभा. चाचांनी बंदूक मोठ्या टायरला बांधली, दादाने दारू भरली, छर्रे भरले, ठासलं, घोड्याखाली केप, म्हणजे दारूला आग देणारी टिकली, बसवली आणि सगळे मागे आल्यावर त्याने चापाला बांधलेली दोरी ओढली. फट्... नुसती केप उडाली. दुसरी केप, फट्. तिसरी, फट्. मला लांबून एवढंच दिसलं की चाचांनी टोकाला स्क्रू असलेला गज घालून आतलं सगळं बाहेर काढलं, साहेब काहीतरी बोलला, दादाने मान हलवली. मग तो चालत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "नाही जमलं, शाले. चल, जेवून घेऊ." आणि जेवला! दोन पोळ्या जेवला, लोणचं मागून घेतलं.

जे मला दिसलं नाही ते चाचांनी सहा वर्षांनी गॅलरीत सांगितलं. छर्रे आणि दारू निघाल्यावर तळातून सुपारी निघाली, केपची आग दारूपर्यंत पोचायची वाटच तिने अडवली होती. दादाने ती तळहातावर घेतली, कुंकू बघितलं, झाडाखाली बसलेल्या माझ्याकडे बघितलं आणि खिशात टाकली. साहेबाची तेव्हा त्यांच्याकडे पाठ होती. तो माणूस चांगला होता हो! म्हणाला, साफ करा आणि परत उडवून दाखवा, मी थांबतो. दहा मिनिटांचं काम होतं. आणि माझा भाऊ म्हणाला, "नको साहेब. काम माझंच कच्चं आहे." चाचांनी नंतर त्याला शिव्या घातल्या. तेव्हा म्हणाला, "गज घालून बघायचं होतं, मी घाईत बघितलं नाही. सुपारी कुणी टाकली हा प्रश्नच नाही. न बघता बंदूक भरणाऱ्या माणसाने दोन लहान मुलं असलेल्या घरात बंदूक नेऊ नये. आणि शालूला कळता कामा नये, जन्मभर मनाला लावून घेईल." आठ दिवसांनी दोघांनी त्याच खाणीत ती बंदूक उडवली. पहिल्याच केपला उडाली. पण मुदत संपली होती.

दादा, तुझ्या त्या नियमाला आग लागो! एकदा चुकलास तर जन्मठेप? एवढा कसला रे तू मोठा न्यायाधीश? आणि मनाला लावून घेईन म्हणून मला सांगितलं नाहीस, मग मी रोज तुला टोचत होते तेव्हा तुला काय वाटत होतं? "एक बंदूक जमली नाही, शेती काय करणार तू," असं मी तुला वॉचमनचा डगला घालताना म्हटलंय. शेजाऱ्यांसमोर म्हटलंय. तू हसायचास. एकदा तरी उलटून म्हणायचं होतंस, गप बस गं, तुझीच सुपारी होती! चार दिवस रडले असते, मग दोघांनी मिळून परत अर्ज केला असता, खेटे घातले असते. आणि खरं सांगायचं तर माझाही राग येतो मला. त्या दिवशी खाणीवरून घरी आल्यावर मी गोडाचा शिरा केला होता. त्याला वाटलं, मी त्याची समजूत काढतेय. मला बरं वाटलं होतं. तो जाणार नाही, मी एकटी पडणार नाही, म्हणून बरं वाटलं होतं. त्याच्या मनात हे कधी आलं असेल का... आता कोण सांगणार.

तीन आठवडे मी हे वहिनीपासून लपवलं. ती दाखल्यांच्या कामासाठी मुंबईत थांबली होती, मुलं शाळेसाठी गावी परतली होती. तिला काय वाटेल, आधीच बिचारी खचलीये, वगैरे वगैरे. शेवटी एका दुपारी भाजी निवडताना सांगून टाकलं, सुपारीपासून सगळं. वाटलं, रडेल. ती रडली नाही. मेथीची जुडी खाली ठेवली आणि मालवणीत म्हणाली, "सुपारी तुमी टाकलात, ती तेनी लपवली. वन्सं, तुमी दोघां भावा-भैणीनी एकमेकाक बरां सांभाळलात. आणि माका? माका कोणी इचारल्यान? सा वर्सां मी डुकरांच्या मागसून डबो बडयत धावलंय. पोरांका बापाशीचा तोंड गणपतीक दिसा नायतर शिमग्याक. तेचो नियम घाला चुलीत. माका माजो घोव होयो होतो." माझा नवरा मला हवा होता, हे म्हणताना चढला तेवढा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेजारची बाई दाराशी येऊन परत गेली. वहिनीने जुडी परत उचलली आणि म्हणाली, "ती बंदूक खंय आसा?"

चाचांच्या दुकानात आहे, तेल लावून ठेवलेली. चाचांनीच परवान्याच्या अर्जाचा कागद आणून दिला, वहिनीच्या नावाने भरायला. परवा आम्ही दोघी जमिनीवर बसून तो भरत होतो. वहिनीला सहीपुरतंच लिहिता येतं, वाचता येत नाही, म्हणून ती सांगत होती आणि मी लिहीत होते. 'शस्त्र कशासाठी हवे' असा रकाना आला. ती म्हणाली, "लिवा. माज्या घोवान एकदा खोटा सांगल्यान, म्हणान ही बंदूक सा वर्सां बंद रवली. आता माका ती होयी." मी लिहिलं, 'शेतीसंरक्षण'. तिने विचारलं, "तसाच लिवलात ना?" मी म्हटलं, "हो." पेन पुढच्या रकान्यावर गेलंसुद्धा होतं. आणि माझ्या लक्षात आलं, दादाने खाणीत हेच केलं होतं, अगदी असंच, समोरच्याच्या भल्यासाठी. कागदाची मागची बाजू कोरी होती. "थांब वहिनी, मी खोटं बोलले," असं मी तिला सांगितलं, कागद उलटा केला आणि ती जे बोलली होती ते तिच्याच शब्दांत, मालवणीत, मोठ्या अक्षरात लिहिलं. मग तिला वाचून दाखवलं. तिने खाली सही केली.