पाच पडद्यांवरची मेंढरं

वेरूळच्या रस्त्यावर नवं हॉटेल झालं, तेव्हा आतल्या दर्शनी भिंतीवर टीव्हीसारखे पाच पडदे बसवायचं काम मला मिळालं. मालकाला गावाकडचं काहीतरी हवं होतं. मी सिल्लोड रस्त्यावरच्या आमच्या गावी गेलो आणि वडिलांची मेंढरं माळ ओलांडताना चित्रित केली. त्या एका लांबट चित्राचे पाच तुकडे केले, प्रत्येक पडद्यामागं तळहाताएवढा एकेक कॉम्प्युटर लावला.

पण प्रत्येक कॉम्प्युटर आपल्याच तंद्रीत चालायचा. तासाभरात फरक पडायचा. मेंढी दुसऱ्या पडद्यातून निघून जायची अन् तिसऱ्यात पोचायचीच नाही. शेवटी पाचही वायरनं जोडले. एकानं चित्र कुठवर आलंय ते सांगत राहायचं. बाकीच्यांपैकी मागं पडलेल्यानं पुढं उडी घ्यायची, पुढं गेलेल्यानं थांबायचं. मग कळप सलग चालू लागला.

त्या वर्षी पाऊस झाला नाही, पुढच्या वर्षीही नाही. आमच्याकडच्या चारा छावणीत गुरं घेत होते, मेंढरं नाही. वडिलांनी कळप विकला आणि आईला घेऊन शहरात माझ्याकडं आले. आमच्या कॉलनीतही पाणी टँकरचंच. टँकर आला की वडील सगळ्यांच्या आधी खाली जायचे. एरवी गप्प बसून असायचे.

त्यांना बरं वाटेल म्हणून एका दुपारी मी त्यांना हॉटेलात नेलं. सोफा सोडून ते भिंतीसमोर फरशीवर बसले. कळप आला.

"ही काळ्या कानाची," ते म्हणाले. "हिला इकली नव्हती. बाजाराच्या वाटंवर बसली, ती उठलीच नाय."

कळपामागून, खांद्यावर काठी आडवी टाकून पडद्यावर ते स्वतः चालत आले. त्यांनी स्वतःकडं पाहिलंच नाही.

"हे रोज चालतं?"

"दिवसभर चालतं, आबा."

"बंद करता येतं का?"

मी मोबाइलवरून चित्र थांबवलं. पाचही पडदे एकदम थांबले, जराही मागंपुढं न होता. कुठं धड एका पडद्यात, तर मुंडकं दुसऱ्यात. वडील उठले, जवळ गेले, काचेवर हात ठेवून उभे राहिले. काउंटरवरची मुलगी बघत होती.

"राहू दे, चालू कर," ते म्हणाले. "उभी राहिली की लई वाईट दिसतात."

पुन्हा कधी ते तिकडं आले नाहीत. काही महिन्यांनी मालकानं लेण्यांचं चित्र लावायला सांगितलं, ते मी लावलं. घरी सांगितलं नाही.

पुढं चांगला पाऊस झाला. मी म्हणालो, "आबा, चार-पाच मेंढ्या घेऊ का? गावी जाऊन राहा."

"चारू कुठं?" ते म्हणाले. "माळावर समदे प्लॉटचे दगड रोवलेत."

आईनं मला हातानंच गप्प राहायची खूण केली आणि वडिलांपुढं चहा ठेवला.