मधली चार वर्षं

मावशींची आणि माझी ओळख त्यांच्या मुलीमुळं झाली. छावणीजवळच्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि ती मुलगी माझ्या वर्गात होती. एकदा ती सलग आठ दिवस आली नाही म्हणून मी शाळा सुटल्यावर चौकशी करत तिच्या घरी गेले. पोरीला कांजिण्या आल्या होत्या. मावशींनी मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "तुम्हाला शंभर पोरांत बसायचं असतं, बाई," म्हणाल्या आणि बाहेरच लिंबाखाली बाज टाकून मला चहा दिला. माझ्यापेक्षा त्या दहाबारा वर्षांनी मोठ्या असतील. त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणत आले आणि त्या मला शेवटपर्यंत बाईच म्हणत राहिल्या.

लष्कराची दुधाची फारम होती तिथं. गाईंचे गोठे, गवताची कुरणं, एक जुनं डेअरीचं बैठं बांधकाम, आणि मागच्या बाजूला कामगारांसाठी बारा खोल्यांची लाईन. मावशींचे मालक गोठ्यावर होते. अडलेली गाय मोकळी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता असं सगळे सांगत. मावशी स्वतः मोसमात गवत कापायला रोजानं जायच्या. त्यांचं लग्न होऊन त्या फुलंब्रीकडच्या खेड्यातून थेट या लाईनीत आल्या होत्या. तिन्ही लेकरं तिथंच झाली, त्यातलं एक तिथंच गेलं.

मग सरकारनं अशा फारमी बंद करायचं ठरवलं. गाई ट्रकांत भरून कुठं कुठं पाठवल्या. ज्यांची नोकरी शिल्लक होती त्यांची बदली झाली. मावशींचे मालक तोवर रिटायर झाले होते आणि पुढच्याच थंडीत ते वारले. लाईनीतल्या माणसांना कुणी उठा म्हटलं नाही. वीज होती, नळ होता. शहराचं पाणी जसं आठवड्यानं यायचं तसंच तिथंही यायचं. काही घरं राहिली, काहींनी खोली नातेवाइकांना दिली, एकदोघांनी भाड्यानं. मोकळ्या कुरणात पोरं क्रिकेट खेळू लागली आणि सगळ्यांना वाटू लागलं की आता हे असंच राहणार.

मालक गेल्यावर थोड्याच दिवसांत गावाकडं मावशींच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. बघायला दुसरं कुणी नव्हतं. मुलगा तेव्हा पुण्याला कंपनीत होता, मुलीचं लग्न होऊन ती गंगापूरला गेली होती. मावशींनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली शेजारणीकडं दिली आणि गावी गेल्या. सासूबाई चार वर्षं जगल्या. त्या गेल्यावर मावशी परत आल्या, कुलूप काढलं आणि राहू लागल्या. मुलगाही वाळूजला नोकरी लागून परत आला, त्याचं लग्न झालं. या चार वर्षांचं पुढं कुणी काही विचारील असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

फारमीच्या जागेचा पुनर्विकास होणार ही बातमी पेपरात आली तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. क्रीडा संकुल, दुकानांचे गाळे, बगीचा आणि मागच्या कोपऱ्यात घरकुलं, असा तो आराखडा होता. महापालिकेच्या निवडणुका रखडलेल्या होत्या, त्यामुळं आमच्या भागातले सगळेच नगरसेवक माजी होते आणि सगळ्यांनाच पुन्हा आजी व्हायचं होतं. दोन बाजू लगेच पडल्या. एका माजी नगरसेवकाला सगळे भाऊ म्हणायचे. ते घरकुलांच्या बाजूनं होते. दुसरे अण्णा. त्यांचं म्हणणं, लाईन आधी उठवा, सगळी जागा मैदानाला द्या, शहरातल्या पोरांना खेळायला जागा नाही. दोघांचेही फ्लेक्स समोरासमोर लागले.

भाऊंनी लाईनीजवळच्या बुद्ध विहारात बैठक घेतली. अर्जावर शहराचं जुनं नाव लिहायचं की नवं, यावरच पहिला अर्धा तास गेला. शेवटी एका म्हाताऱ्यानं ओरडून सांगितलं, "काय बी लिहा, पण घर कुठल्या नंबरचं ते बराबर लिहा!" तेव्हा कुठं कामाला सुरुवात झाली. माझं अक्षर चांगलं आणि बऱ्याच जणांची पोरं माझ्या हाताखालून गेलेली, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर आपला कुणाला उपयोग आहे असं वाटण्याचे दिवस होते ते.

घरकुल मिळायला मुख्य अट होती ती सलग वास्तव्याची. भाऊ माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. "बाई, सगळ्यांचं एकच लिहा. लाईन बांधली तेव्हापासून आजतागायत सलग राहतो. पुढचं मी बघतो."

मी लिहू लागले. चारपाच घरांचं ते खरं नव्हतं हे मला ठाऊक होतं. एकाची खोली दोन वर्षं भाड्यानं होती, दुसरा तर मागच्याच वर्षी मेव्हण्याच्या जागी येऊन राहिला होता. मी मान खाली घालून लिहीत गेले. ही माणसं मला तोंडओळखीची होती. मला वाटलं, आपण फक्त हात आहोत, सांगतील ते लिहायचं.

मग मावशी समोर येऊन बसल्या.

"बाई, मधली चार वर्षं मी हितं नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. "ते कसं लिवायचं?"

भाऊ हसले. "मावशी, ते कशाला काढता? कोण विचारतंय?"

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना माझं मत हवं होतं. तीस वर्षं मी वर्गात जे बोलत आले तेच माझ्या तोंडून निघालं. मी म्हणाले, "मावशी, खरं तेच लिहू. खरं लिहिलं की पुढं भ्यायचं कारण राहत नाही. आजारी सासूला बघायला गेला होतात, यात लपवण्यासारखं काय आहे? उलट साहेबांना पटेल."

"तुम्ही म्हणता तर लिवा," त्या म्हणाल्या.

मी सुरेख अक्षरात लिहिलं. सासूबाईंच्या आजारपणामुळं चार वर्षं खोली बंद होती, सामान मात्र खोलीतच होतं, किल्ली शेजारी होती. भाऊंनी तो कागद वाचला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि गठ्ठ्यात ठेवला.

महापालिकेच्या साहेबांपुढं अर्जांची सुनावणी ठरली, आणि तो नेमका पाण्याचा दिवस निघाला. साक्षीसाठी शेजारीण येणार होती. तिच्याकडंच तर चार वर्षं किल्ली होती. सकाळी मी तिला हाक मारायला गेले तर ती हंडे लावून बसली होती. "आज पाणी हाय बाई, कशी येऊ?" ती म्हणाली. तिची नजर पाईपावरच होती. तिचाही अर्ज त्या गठ्ठ्यात होता, आणि साहेबांसमोर उभं राहिलं की आपल्यालाही काही विचारतील याची तिला धास्ती वाटली असावी. मी आग्रह केला नाही.

साहेब तरुण होते, उद्धट नव्हते. बाकीचे अर्ज दोनदोन मिनिटांत झाले. "सलग राहता ना?" "व्हय साहेब." सही, अंगठा, पुढचा. मावशींच्या अर्जावर त्यांचं पेन थांबलं.

"म्हणजे तुम्ही सलग राहत नव्हता."

"सामान हितंच होतं साहेब. कुलूप माझंच होतं."

"पण तुम्ही नव्हता."

मावशींचा आवाज चढला. त्यांना तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "सासूचं समदं अंथरुणातच व्हतं साहेब. तिला वाऱ्यावर सोडून मी हितं सलग राहायला पायजे होतं का? तसं असंल तर तसं लिवा."

साहेबांनी वर बघितलं नाही. "मावशी, नियम मी केलेला नाही," एवढंच म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी मध्ये बोलायचा प्रयत्न केला, तर त्यांनी विचारलं, "आपण कोण?" मी कोण, हे मला सांगता आलं नाही. "शिक्षिका होते," असं काहीतरी म्हणाले.

महिन्याभरानं विहाराच्या भिंतीवर यादी लागली. अकरा पात्र, एक अपात्र.

मी भाऊंच्या ऑफिसात गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "बाई, मी तुमच्यासमोरच म्हटलं होतं. आता एका घरासाठी मी फाईल पुन्हा उघडायला लावली तर अकराच्या अकरा तपासतील. तुम्हाला चालंल का?"

मी पाण्याचा पेला तसाच ठेवून उठले.

अण्णांना ही गोष्ट कळायला वेळ लागला नाही. त्यांची माणसं मावशींच्या दारात आली. विधवा म्हातारीवर अन्याय, म्हणून फ्लेक्स करू, उपोषणाला बसू, मंडप आम्ही देतो. त्यांना मावशींचं घर वाचवायचं नव्हतं, लाईनच तर उठवायची होती. त्यांना बाकीच्या अकरांतला खोटेपणा उघडा पाडायचा होता. ते माझ्याकडंही आले. कुणी कुणी खोटं लिहून दिलं तेवढं सांगा, असं म्हणाले. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं की मी सांगणार आहे. तो म्हणाला, "आधी मावशींना विचार."

सकाळी जाऊन विचारलं. मावशी ज्वारी निवडत होत्या. सूप खाली ठेवलं त्यांनी.

"माझं गेलं म्हणून त्यांचं घालवू व्हय? त्यांच्या घरात बी लेकरं हायेत. नाय बाई. तुम्ही काय बी सांगायचं नाय."

मी सांगितलं नाही. पण लाईनीला ते कुठं ठाऊक होतं? मावशी आपलं नाव घेतील या भीतीनं माणसं त्यांना टाळू लागली. नळावर त्या आल्या की बायका गप्प व्हायच्या. शेजारणीनं मधल्या भिंतीतली खिडकी लावून घेतली. जिच्या बाळंतपणात मावशी रात्रभर जागल्या होत्या ती पलीकडच्या घरची सून तोंड फिरवून जायची. जन्म गेला त्या जागेत मावशी शेवटचे पाच-सहा महिने वाळीत टाकल्यासारख्या राहिल्या, आणि त्यांनी कुणाचं काहीच बिघडवलं नव्हतं.

मी अपील लिहिलं, स्मरणपत्रं लिहिली. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या करायची नोटीस आली. अकरा घरांना भाड्याच्या जागी जाण्याची सोय करून दिली होती. मावशींच्या मुलानं वाळूजला एक खोली घेतली. त्या खोलीत तो, बायको, दोन पोरं, आणि आईच्या बाजेला जागा नाही. "थोडे दिवस ताईकडं राहा," तो आईला म्हणाला आणि बाहेर जाऊन रडला. मावशी गंगापूरच्या जीपमध्ये बसल्या तेव्हा लाईनीतलं कुणीही बाहेर आलं नाही. मी आणि माझा नवरा दोघंच होतो. दुसऱ्या आठवड्यात लाईन पाडली.

घरकुलं आजवर झालेली नाहीत. आराखडा दोनदा बदलला. कुणी कोर्टात गेलं, कुणी पक्ष बदलला, भाऊ आणि अण्णा एकाच व्यासपीठावर दिसू लागले. जागेभोवती निळे पत्रे उभे आहेत. भाड्याच्या घरांतली माणसं अजून माझ्याकडं चौकशीला येतात, जणू मला काही ठाऊक असणार.

मावशींना भेटायला मी एकदाच गेले, एस्टीनं. मुलीनं त्यांची चांगली व्यवस्था ठेवली होती, पण जावयाच्या घरी त्या पाहुण्यासारख्या बसून होत्या, पदर सावरून, अंग चोरून. थकल्या होत्या लई. इकडतिकडचं बोलणं झालं. शाळेचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं. मी मनाशी ठरवून गेले होते की माफी मागायची. शेवटी म्हणाले, "मावशी, माझ्यामुळं झालं हे. मी तसं लिहायला नको होतं."

त्या म्हणाल्या, "खरंच तर लिवलं तुम्ही. त्याचा मला राग नाय." मग अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "पण बाई, बाकीच्यांचं तुम्ही तसं का लिवलं? त्यांना बी सांगायचं होतं ना, खरं लिवू म्हणून."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरोखर कळून घ्यायचं होतं. खरेपणाचा धडा मी फक्त माझ्या जवळच्या माणसाला दिला, जिचा माझ्यावर विश्वास होता तिला, आणि परक्यांपुढं मला बोलायची भीड वाटली. हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, पण त्यांना सांगायला तोंड उघडेना.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "शेवटची गाडी चुकंल तुमची."

दिवाळीनंतर त्या गेल्या. मुलीचा फोन आला तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना ठेवली होती, त्या दिवशी मी गेले. लाईनीतले सहासात जण टेम्पो करून आले होते. शेजारीण माझ्या बाजूला सतरंजीवर बसली आणि वंदना सुरू असताना हुंदके देऊन रडली. मला आधी तिचा राग आला. मग वाटलं, तिनं पाण्याचं निमित्त काढलं, मीही 'आपण फक्त हात आहोत' असं निमित्त काढलंच होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.