बिनदिव्यांचा गेमिंग कॉम्प्युटर

दादरच्या दुकानात मी माउस घ्यायला गेलो होतो. शेजारी चाळिशीचे एक गृहस्थ गेमिंग कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडत होते. प्रत्येक पंखा चालू करून, डोळे मिटून ते त्याला कान लावत.

"दादा, दिवेवाला कॅबिनेट घ्या. मजा त्यातच," दुकानदार म्हणाला.

"नको रे. लालबागला एकच खोली आमची. झोपमोड होते."

"मुलगा रात्री खेळतो?" मी विचारलं.

"आई खेळते. माझ्या दहावीला ती उजेडात गप पडून राहायची. आता मी पडतो," म्हणत त्यांनी पुढचा पंखा कानाला लावला.

माझी आईही दिव्याकडे पाठ करून झोपायची. संध्याकाळी गावी फोन लावून मी विचारलं, "आई, तुला काय खेळायला आवडतं?"

"बरं आहे ना रे तुला?" ती म्हणाली.